अहमदाबाद, सोमवार ते शुक्रवार: उन्हाचा हिशोब मांडणाऱ्या इमारती

चंदीगड सरकारने बांधलं, अहमदाबाद गिरणीमालकांनी. स्वातंत्र्यानंतरच्या पंचवीसेक वर्षांत या शहराने ल कॉर्बुझिए, लुई कान, अच्युत कानविंदे, बाळकृष्ण दोशी आणि चार्ल्स कोरिया या वास्तुकारांकडून इमारती करून घेतल्या. त्यातल्या बहुतेक साबरमतीच्या पश्चिम काठावर, रिक्षाने पंधरा-वीस मिनिटांच्या अंतरात आहेत. आधुनिक वास्तुकलेच्या चळवळींनी आजच्या इमारतींना काय दिलं आणि त्यातलं काय वाटेत गळालं, हे एका आठवड्यात पाहायचं असेल तर भारतात याहून सोयीचं शहर नाही.

मुंबईहून रात्री गुजरात मेलने निघालं की सकाळी अहमदाबाद. प्रवास सोमवारी सुरू करावा, कारण गिरणीमालकांच्या संघटनेची, म्हणजे मिल ओनर्सची, इमारत शनिवार-रविवारी बंद असते आणि दोशी-हुसेन यांची चित्रशाळा, म्हणजे गुफा, सोमवारी. आयआयएम आणि दोशींचं कार्यालय ‘संगत’ यांच्यासाठी आधी मेल करून वेळ ठरवावी लागते, ऐनवेळी दारावरून परत पाठवतात. कॉर्बुझिएची साराभाई आणि शोधन ही दोन्ही घरं खासगी आहेत, तिथे बेल वाजवायला जाऊ नये. सोबत पाच मीटरची टेप आणि मोबाइलमधलं होकायंत्र हवं. या शहरात कुठल्याही इमारतीसमोर उभं राहिलं की पहिला प्रश्न एकच: ही भिंत कुठल्या दिशेची?

सोमवार

सकाळी साबरमती आश्रमातलं गांधी स्मारक संग्रहालय. कोरियांचं हे सुरुवातीचं काम, १९६३ मध्ये नेहरूंनी उद्घाटन केलं. सगळी इमारत ६ मीटर बाय ६ मीटरच्या चौकोनांची आहे. कोपऱ्यांना विटांचे खांब, वर काँक्रीटची तुळई आणि तिच्यावर चारही बाजूंनी उतरतं कौलारू छप्पर. काही चौकोन भिंतींनी बंद केलेत, काही नुसत्या छपराखाली मोकळे, तर एकात पाण्याचा हौद आणि वर आकाश. खिडक्यांना काच नाही, लाकडी झडपा आहेत.

इथे छपराकडे नव्हे, तुळईकडे बघायचं. तिचा छेद ‘यू’ अक्षरासारखा आहे. ती छपराचा भार घेतेच, शिवाय दोन छपरांचं पाणीही वाहून नेते. कोकणातल्या घरांना टांगलेली पन्हळ इथे इमारतीच्या सांगाड्यातच आली आहे. म्हणूनच चौकोन कितीही वाढवले तरी पाण्याचा प्रश्न नव्याने सोडवावा लागत नाही. ही युक्ती पुढे बऱ्याच शाळा आणि रिसॉर्टांनी उचलली आणि बहुतेक ठिकाणी ती गळते. कारणं ठरलेली असतात. तुळईला आतून १०० ला १ एवढा तरी उतार हवा, तो काढलेला नसतो. आतल्या बाजूला पाणीरोधक थर नसतो. आणि पानं अडकून पाणी तुंबलं तर बाहेर पडायला दुसरी वाट ठेवलेली नसते. तुळईत पाणी साचून राहिलं की काँक्रीटमधून झिरपत सळईपर्यंत पोचतं. हे छप्पर वापरायचं तर मृगाच्या आधी पन्हळ साफ करायला माणूस वर चढणार, हे आराखड्यातच धरलं पाहिजे. आश्रम परिसराच्या पुनर्विकासाचं काम मार्च २०२४ मध्ये सुरू झालं, त्यामुळे आत जायचा रस्ता कुठून आहे ते आदल्या दिवशी विचारून घ्यावं.

मिल ओनर्स असोसिएशनची इमारत, म्हणजे आत्मा हाउस, दुपारी साडेतीनपर्यंत गाठायची. ऊन पश्चिमेकडे कललेलं असताना ती जेवढी कळते तेवढी सकाळी कळत नाही. कॉर्बुझिएची ही इमारत १९५४ मध्ये पूर्ण झाली. आश्रम रोड तिच्या पश्चिमेला, नदी पूर्वेला. रस्त्यावरून एक लांब उतार चढत थेट पहिल्या मजल्यावर नेतो. उत्तर आणि दक्षिणेच्या भिंती विटांच्या, जवळपास कोऱ्या. इमारतीचं सगळं बोलणं उरलेल्या दोन बाजूंनी चालतं आणि त्या दोन बाजू एकसारख्या नाहीत.

पश्चिमेच्या उभ्या काँक्रीटच्या पट्ट्या तिरक्या वळवल्या आहेत. रस्त्यावरून आतलं फारसं दिसत नाही आणि साडेचारचं ऊनही सरळ आत शिरत नाही. पूर्वेच्या पट्ट्या काटकोनात आहेत, त्यांच्यामधून नदी दिसते आणि वारा येतो. पट्ट्या काचेला चिकटवलेल्या नाहीत, मधे जागा सोडली आहे. उन्हाने काँक्रीट तापतं, पण ती उष्णता काचेपर्यंत पोचण्याआधी मधल्या हवेबरोबर वर निघून जाते. पट्ट्यांमधल्या काँक्रीटच्या कुंड्यांत झाडं लावायची, हाही मूळ योजनेचाच भाग.

या तिरकेपणाची गरज किती, ते आकड्यांत बघू. अहमदाबाद २३ अक्षांशावर, कर्कवृत्ताच्या किंचित खाली आहे. जूनमध्ये दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो आणि दक्षिणेच्या खिडकीला दोन फुटांचा छज्जाही पुरतो. पश्चिमेला तोच छज्जा निरुपयोगी. मे महिन्यात संध्याकाळी पाचच्या सुमाराला सूर्य क्षितिजापासून साधारण ३० अंशांवर असतो. तेव्हा पश्चिमेकडच्या दोन फुटी छज्ज्याची सावली खाली जेमतेम सव्वा फूट पडते. चार फुटांची खिडकी पूर्ण झाकायची तर छज्जा सात फूट बाहेर काढावा लागेल. म्हणून पश्चिमेला उभ्या, तिरक्या पट्ट्या. आज मुंबई-पुण्यात टॉवरच्या चारही अंगांना एकाच मापाचा छज्जा नाहीतर एकाच मापाच्या पट्ट्या दिसतात, तिथे हे गणित कुणी केलेलं नसतं.

आत शौचालयांच्या गोलसर भिंती आणि वरच्या मजल्यावरचं वळणदार सभागृह बघावं. सरळ खांबांच्या चौकटीत भिंत कशीही फिरू शकते, कारण भार तिच्यावर नाही, हे कॉर्बुझिएचं जुनं म्हणणं इथे हात लावून तपासता येतं. उघड्या काँक्रीटवर शटरिंगच्या फळ्यांच्या रेषा अजून दिसतात. जाता जाता पट्ट्यांच्या खालच्या कडाही पाहाव्यात. असल्या उघड्या काँक्रीटला पाणी तोडणारी खाच खालच्या कडेला नसली की पावसाचं पाणी कडेवरून आत वळतं, काळे ओघळ उमटतात आणि काही वर्षांनी तिथलेच पोपडे सुटतात. १० ते १२ मिलिमीटरची खाच शटरिंगमध्ये लाकडी पट्टी ठोकून फुकटात मिळते. नंतर कापायची तर मशीन लागतं आणि सळईवरचा काँक्रीटचा थर, म्हणजे कव्हर, कमी होतो.

मंगळवार

सकाळी पालडी. कॉर्बुझिएचं संस्कार केंद्र आणि दोशींचा टागोर हॉल शेजारीशेजारी आहेत. संस्कार केंद्र म्हणजे खांबांवर उचललेली विटांची कोरी पेटी. भिंतींवर वेली चढवायच्या आणि छतावर पाण्याचे उथळ हौद ठेवून इमारत गार राखायची, अशी कल्पना होती. ती नीट चालली नाही. सपाट छतावर पाणी साठवायचं म्हणजे पाणीरोधक थर, पाण्याचा पुरवठा आणि रोजची निगराणी या तिन्ही गोष्टी एकदम लागतात, त्यातली एक सुटली की छत गळतं. आजच्या ‘हिरव्या छतां’चं नेमकं हेच होतं. केंद्राची अवस्था बरी नाही, बरीच वर्षं ते बंदच असतं, बाहेरूनच बघावं लागतं. कॉर्बुझिएच्या १७ कामांना युनेस्कोने २०१६ मध्ये जागतिक वारसा ठरवलं. त्यात चंदीगडचं कॅपिटॉल आहे, अहमदाबादचं एकही नाही. त्याची किंमत या विटा मोजताहेत, असं आम्हाला ठामपणे वाटतं.

टागोर हॉलचं काँक्रीट घड्यांचं आहे. भिंत आणि छत दोन्ही घडी घातलेल्या पत्र्यासारखे दुमडत जातात. घडीमुळे पातळ काँक्रीटलाही तुळईएवढी खोली मिळते आणि आत एकही खांब न घेता सभागृह पेलतं. स्ट्रक्चरल अभियंता महेंद्र राज, चंदीगडच्या उच्च न्यायालयाच्या कामातून तयार झालेले. घडीच्या दऱ्या हाच तिचा कच्चा दुवा. पाणी आणि धूळ तिथेच उतरते, म्हणून प्रत्येक दरीच्या टोकाला पाणी बाहेर फेकायची तोटी हवी.

दुपारी अटिरा, म्हणजे कापडगिरण्यांची संशोधन संस्था. अच्युत कानविंदे मूळचे मालवणजवळच्या आचऱ्याचे, जे. जे. मध्ये शिकले, पुढे हार्वर्डला वॉल्टर ग्रोपियसच्या हाताखाली. ग्रोपियसने जर्मनीत उभ्या केलेल्या बाउहाउस या कलाशाळेची शिस्त थेट घेऊन आलेली ही अहमदाबादेतली सुरुवातीची इमारत, कॉर्बुझिएच्या कामांच्याच वर्षांतली. आडवे ठोकळे, खिडक्यांच्या लांब आडव्या ओळी, आरसीसीची चौकट आणि मधे वीट. आज हे बघताना विशेष काही वाटत नाही, कारण आपली सरकारी कॉलेजं, पॉलिटेक्निक आणि जिल्हा रुग्णालयं सगळी याच साच्यातली. पण तो साचा आपल्याकडे रुजवणाऱ्या मोजक्या इमारतींपैकी ही एक. आत प्रवेश सहसा मिळत नाही, बाहेरून अर्धा तास पुरतो.

बुधवार

पूर्ण दिवस आयआयएमला. दोशींच्या आग्रहामुळे लुई कान १९६२ मध्ये या कामावर आला. १७ मार्च १९७४ ला अहमदाबादहून परतताना न्यूयॉर्कच्या पेन स्टेशनवर त्याचं निधन झालं. त्यानंतरचं काम अनंत राजे यांनी नेलं. मुंबईत जन्मलेले, जे. जे. चे विद्यार्थी, फिलाडेल्फियात कानच्या कार्यालयात काम केलेले. भोजनगृह आणि मॅनेजमेंट डेव्हलपमेंट सेंटर त्यांचं. कानचा भाग आणि राजेंचा भाग वेगळा ओळखायचा प्रयत्न जरूर करावा, त्यात डोळा तयार होतो.

कॉर्बुझिएचं काँक्रीट आणि कानची वीट यांत मुख्य फरक हा की कानने भिंतीला पुन्हा भार उचलायला लावलं. आयआयएमच्या कमानी जवळून बघाव्यात. कमान चपटी आहे आणि तिच्या दोन टोकांना जोडणारी काँक्रीटची पट्टी खालून आडवी जाते. ती शोभेची नाही. कमान भार खाली नेते तशी बाजूंनाही ढकलते आणि जितकी चपटी, तितकी जोरात. हिशोब असा: मीटरमागचा भार गुणिले गाळ्याचा, म्हणजे कमानीच्या दोन टोकांमधल्या अंतराचा, वर्ग, भागिले कमानीच्या उंचीची आठपट. उदाहरणार्थ मीटरला २ टन भार, ४ मीटर गाळा आणि अर्धा मीटर उंची धरली, तर २ × १६ ÷ ४, म्हणजे ८ टनांचा रेटा बाजूच्या भिंतीवर. उंची एक मीटर केली तर ४ टन. जुन्या वास्तूंत हा रेटा घ्यायला जाडजूड भिंत असते. कानने तो काँक्रीटच्या पट्टीत बांधून टाकला. पट्टी ताण घेते, वीट दाब घेते, आणि भिंत पातळ ठेवूनही मोठा गाळा मिळतो.

आज रेस्टॉरंट आणि फार्महाउसवर अशा ‘कान कमानी’ सर्रास दिसतात. आतून साधी आरसीसी लिंटेल, म्हणजे सरळ आडवी तुळई, वरून अर्ध्या इंचाच्या विटांच्या चिपा. खऱ्या कमानीत विटांचे सांधे एका केंद्राकडे वळलेले असतात, चिपांमध्ये सगळे उभे. एवढं पाहिलं तरी खरी कुठली ते कळतं.

वसतिगृहं चौकाच्या रेषेला तिरकी बसवली आहेत, नैऋत्येचा वारा सगळ्यांना मिळावा म्हणून. खोल्यांच्या खिडक्या बाहेरच्या भिंतीपासून आत ओढल्या आहेत आणि पुढची सावली खोल आहे. बाहेरच्या भिंतीतली मोठी गोल भोकं उगाच नाहीत. ऊन पहिल्या भिंतीवर अडतं, उजेड दुसरीपर्यंत येतो. मिल ओनर्सच्या पट्ट्यांचंच काम इथे विटेने केलं आहे.

आता बिघाडाकडे. डिसेंबर २०२० मध्ये संस्थेने १८ पैकी १४ वसतिगृहं पाडण्याचा विचार जाहीर केला. जगभरातून विरोध झाल्यावर जानेवारी २०२१ मध्ये तो मागे घेतला, पण नोव्हेंबर २०२२ मध्ये काही इमारती नव्याने बांधण्याची भूमिका पुन्हा पुढे आली. दिलेली कारणं तांत्रिक होती: दुय्यम प्रतीची वीट, गळती, २००१ च्या भूकंपाचे तडे आणि विटांच्या बांधकामात घातलेल्या सळयांना लागलेला गंज. शेवटचं कारण समजून घेण्यासारखं आहे. काँक्रीटमधली सळई क्षारीय आवरणामुळे सुरक्षित असते. विटेच्या सांध्यातल्या सिमेंटच्या मसाल्यात ते संरक्षण फार टिकत नाही, कारण वीट पाणी शोषते आणि हवा आत येऊ देते. गंजल्यावर लोखंडाचं आकारमान मूळच्या दुप्पट ते सहापट होऊ शकतं. हा फुगवटा सांध्यात मावत नाही आणि वीट सळईच्या रेषेत आडवी फुटते. अशी लांबच लांब आडवी चीर दिसली तर वरून सिमेंट लिंपणं व्यर्थ आहे. ओल आत कोंडते आणि गंज वाढतो. वीट काढायची, सळई साफ करायची किंवा स्टेनलेस घालायची, आणि मूळ विटेच्या ताकदीशी जुळणाऱ्या मसाल्यात पुन्हा बांधायचं. मसाला विटेहून कडक झाला की पुढच्या वेळी सांधा टिकतो आणि वीट तुटते.

हे करता येतं याचा पुरावा त्याच आवारात उभा आहे. विक्रम साराभाई ग्रंथालयाचं जतन मुंबईच्या सोमाया अँड कलप्पा यांनी केलं आणि त्या कामाला २०१९ मध्ये युनेस्कोचं आशिया-पॅसिफिक पारितोषिक मिळालं. ग्रंथालय वाचू शकतं तर वसतिगृह का नाही, याचं पटेल असं उत्तर आम्हाला तरी मिळालेलं नाही.

रस्त्याखालच्या भुयारी वाटेने नव्या आवारात जावं. ते वास्तुकार बिमल पटेल यांच्या एचसीपी या संस्थेचं. त्यांनी विटेची नक्कल केली नाही, उघडं काँक्रीट घेतलं, हे योग्यच केलं.

गुरुवार

सकाळी गुजरात विद्यापीठाजवळचं एल. डी. इन्स्टिट्यूट ऑफ इंडॉलॉजी, दोशींचं १९६२ चं काम. जुनी हस्तलिखितं अर्धवट जमिनीखालच्या मजल्यावर, जिथे तापमान कमी हलतं, आणि वर खोल व्हरांडा. तासाभरात होतं. मग सेप्ट, म्हणजे वास्तुकलेचं विद्यापीठ. दोशी पुण्यात जन्मलेले, पॅरिसला कॉर्बुझिएकडे काम करून इथल्या इमारतींवर देखरेख करायला आले आणि इथलेच झाले. १९६२ मध्ये वास्तुकलेची शाळा त्यांनी सुरू केली. इमारत म्हणजे समांतर विटांच्या भिंती, खाली वारा खेळेल अशी मोकळी जागा आणि स्टुडिओत उत्तरेचा उजेड. चित्र काढणाऱ्याला उत्तरेचा उजेड लागतो, कारण तो दिवसभर फारसा हलत नाही आणि कागदावर ऊन पडत नाही. त्याच आवारात २०१७ चं लीलावती लालभाई ग्रंथालय आहे, मुंबईच्या राहुल मेहरोत्रांचं. अर्धं जमिनीत, वर फिरणाऱ्या पट्ट्यांची भिंत. मिल ओनर्समधल्या पट्ट्या कायमच्या जागी आहेत, इथल्या ऋतूप्रमाणे फिरवता येतात. साठ वर्षांत विचार पुढे गेला तो असा. मात्र फिरणारा प्रत्येक सांधा म्हणजे धूळ, तेल आणि दुरुस्ती.

चारनंतर शेजारची गुफा. मकबूल फिदा हुसेन पंढरपूरचे, दोशी पुण्याचे. दोघांची ही जमिनीखालची चित्रशाळा १९९५ मध्ये पूर्ण झाली. घुमट फेरोसिमेंटचे, जाडी जेमतेम इंचभर. जाळीचा सांगाडा वाकवून घ्यायचा, त्यावर दोन्ही अंगांनी हाताने मसाला दाबायचा, शटरिंग लागत नाही. इंचभर जाडीत कव्हर काही मिलिमीटरच मिळतं, त्यामुळे जाळी जिथे वर येते तिथे गंजाचा डाग उठलाच म्हणून समजा. बाहेरून फुटक्या चिनीमातीचं मोझेक आहे. आतले तिरके खांब झाडासारखे फाटे फुटलेले आहेत. घुमटाची वक्रता भार त्या बाजूला नेते म्हणून खांबही तिकडे झुकले आहेत.

शुक्रवार

सकाळी ‘संगत’, दोशींचं १९८० चं कार्यालय. अर्धं जमिनीत, वर पिंपासारखी अर्धगोल छपरं. छपराच्या दोन काँक्रीटच्या थरांमध्ये पोकळ मातीच्या नळ्या आहेत. त्यातली हवा उष्णता अडवते, आणि वरचं पांढरं चायना मोझेक मुळातच ऊन परतवतं. आपल्या गच्चीला हा उपाय आजही लागू पडतो. मात्र तो पाणीरोधक थर नव्हे. खाली विटांच्या तुकड्यांचा कोबा, १०० ला १ उतार, कठड्याशी गोलाई, मग मोझेक. गोलाई सोडली की गच्ची कठड्याच्या रेषेतच गळते.

दुपारी एस. जी. हायवे, काचेच्या इमारतींची रांग. आधुनिक चळवळीचं हेच सर्वांत फोफावलेलं रोप: चौकट भार घेते, म्हणून भिंत काचेची करता येते. आता पश्चिमेच्या दहा चौरस मीटर काचेचा हिशोब. उन्हाळ्यात दुपारी त्या भिंतीवर चौरस मीटरला साधारण ६०० वॅट ऊन पडतं. साध्या रिफ्लेक्टिव्ह काचेने त्यातलं निम्मं आत सोडलं तर ३ किलोवॅट, म्हणजे जवळपास एक टनाचा एसी फक्त त्या काचेसाठी. ऊर्जा संवर्धन इमारत संहितेच्या २०१७ च्या आवृत्तीत उत्तर सोडून बाकी दिशांच्या काचेला उष्णतेच्या २७ टक्क्यांहून जास्त आत सोडायला मनाई आहे आणि काच दर्शनी भिंतीच्या ४० टक्क्यांपर्यंतच. काही इमारतींवर अॅल्युमिनियम कॉम्पोझिटच्या उभ्या पट्ट्या लावल्या आहेत, काचेपासून हातभरसुद्धा दूर नाहीत, आणि चारही बाजूंना एकाच कोनात. होकायंत्र काढून पश्चिम शोधावी आणि मोजावं: पट्टीची खोली ६ इंच आणि दोन पट्ट्यांमधलं अंतर ३ फूट असेल तर ती सावली देत नाही, फक्त धूळ धरते.

वेळ उरला तर मोटेराहून मेट्रोने जीएनएलयू स्थानक आणि तिथून फाट्याने गिफ्ट सिटी, म्हणजे गांधीनगरजवळची नवी आर्थिक नगरी. काचेचेच टॉवर, पण एक गोष्ट वेगळी: प्रत्येक इमारतीला स्वतःचा चिलर, म्हणजे पाणी गार करणारं यंत्र, नाही. एका मध्यवर्ती केंद्रातून गार पाणी जमिनीखालच्या नळांनी सगळीकडे जातं. सगळ्यांची गरज एकाच वेळी शिगेला पोचत नाही, म्हणून एकूण यंत्रसामग्री कमी लागते. काच घ्यायचीच असेल तर हा निदान प्रामाणिक मार्ग आहे. तरीही टॉवरांच्या पश्चिम बाजूला साडेचारला जाऊन यावं आणि किती खिडक्यांचे पडदे ओढलेत ते पाहावं.